क्रिसक्रॉस: मुळाक्षरांच्या आधी उभा असलेला क्रॉस

विजेच्या खांबांवरून चहूबाजूंनी गेलेल्या तारा, माळरानावर एकमेकींना छेदत गेलेल्या पायवाटा, बुटाच्या भोकांतून आडवीतिडवी ओवलेली नाडी. परस्परांना छेदणाऱ्या रेषांचे असे जाळे दिसले की इंग्रजीत त्याला ‘क्रिसक्रॉस’ म्हणतात, आणि आताशा मराठी बोलण्यातही हा शब्द सहज येऊन जातो. त्याचा अर्थ कोणी विचारत नाही, कारण तो ऐकताक्षणीच कळल्यासारखा वाटतो. झिगझॅग, डिंगडाँग, पिंगपाँग या नादमय जोडशब्दांच्या कुळातलाच हा एक. ‘क्रॉस’ म्हणजे फुली किंवा छेद, आणि ‘क्रिस’ हे त्याच्या नादाला लागून आलेले निरर्थक अक्षर, अशी आपली समजूत होते.

ही समजूत चुकीची आहे, पण ती फक्त आपली नाही. ज्यांची ही मातृभाषा आहे त्या इंग्रजांचीही दोनशे वर्षांपूर्वी हीच समजूत झाली आणि तिच्यामुळेच शब्दाला आजचा अर्थ मिळाला. वस्तुतः या जोडीतले ‘क्रिस’ निरर्थक तर नाहीच, उलट एके काळी त्या शब्दाचे सारे वजन त्याच अर्ध्या भागात होते. ते ‘क्रिस’ म्हणजे ‘क्राइस्ट’, अर्थात येशू ख्रिस्त. मूळ शब्द ‘क्राइस्ट-क्रॉस’, म्हणजे ख्रिस्ताचा क्रॉस. इतका जड, पवित्र शब्द बुटाच्या नाडीपर्यंत कसा घसरत आला, हा आजच्या धाग्याचा विषय.

त्यासाठी पंधराव्या-सोळाव्या शतकातील इंग्लंडमधल्या एखाद्या लहान मुलाच्या हातात काय असे ते पाहावे लागेल. त्याच्या हातात ‘हॉर्नबुक’ असे. नावात पुस्तक असले तरी ते पुस्तक नव्हते. खाली धरायला मूठ असलेली एक छोटी लाकडी फळी, साधारण आपल्या कपडे धुण्याच्या धोपटण्यासारखी पण पुष्कळ लहान. तिच्यावर अक्षरे लिहिलेला किंवा छापलेला एकच कागद, आणि त्या कागदावर शिंगाचा पारदर्शक पापुद्रा. कागद महाग आणि मुलांची बोटे मळकी, म्हणून ही तजवीज. जनावराचे शिंग पाण्यात भिजवून, तापवून मऊ करत, मग चिरून, उलगडून, दाबून त्याचे पातळ पत्रे काढीत. हेच पत्रे कंदिलाच्या खिडक्यांना काचेऐवजी बसवीत. (जाता जाता: कंदिलाला इंग्रजीत ‘लँटर्न’ म्हणतात. हा शब्द लॅटिनमधून आलेला, शिंगाशी त्याचा काही संबंध नाही. पण कंदिलाला शिंगाचा पत्रा असतो हे पाहून लोकांनी त्याचे स्पेलिंगच ‘लँटहॉर्न’ असे करून टाकले होते. जिथे शिंग नव्हते तिथे इंग्रजांना शिंग दिसले, आणि जिथे ख्रिस्त होता तिथे पुढे तो दिसेनासा झाला.)

त्या एका कागदावर किती मजकूर मावत असे, पाहा. आधी लहान लिपीतली मुळाक्षरे, मग मोठ्या लिपीतली. त्यानंतर स्वर. मग स्वर-व्यंजनांच्या जोड्या, म्हणजे अॅब, एब, इब आणि बा, बे, बी अशा ओळी. आपल्या बाराखडीची आठवण व्हावी अशा. शेवटी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाचा उच्चार, आणि येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना. अक्षरओळख आणि धर्म यांच्यात तेव्हा भिंत नव्हती. मूल वाचायला शिके ते मुख्यतः प्रार्थना वाचता यावी म्हणून.

आणि या सगळ्याच्या आधी, पहिल्या ओळीच्या अगदी आरंभी, ‘ए’ या अक्षराच्याही डावीकडे, एक छोटा क्रॉस असे.

तो अक्षर नव्हता, पण तोही म्हणायचा असे. मूल अक्षरे घोकायला सुरुवात करण्यापूर्वी त्या चिन्हावर बोट ठेवी आणि ख्रिस्ताच्या क्रॉसने मला यश द्यावे अशा अर्थाचे एक छोटे वाक्य म्हणे. मग ए, बी, सी. हे मागणे हॉर्नबुकाहूनही जुने आहे. मध्ययुगीन इंग्रजीत ते चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या आगेमागे आढळते. टॉमस मॉर्ली या संगीतकाराने १५९७ मध्ये संगीतशिक्षणाचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मुळाक्षरांना लावलेली एक चाल आहे. तीही क्रॉसच्या या मागण्यानेच सुरू होते आणि अक्षरे संपली की पुन्हा पहिल्यापासून आरंभ करायला सांगते. मुलांना अक्षरे गाऊन शिकवण्याची युक्ती आजच्या बालवाडीची नाही, एवढे यावरून लक्षात यावे.

रोज सकाळी ज्या चिन्हाने ओळ सुरू होई त्या चिन्हाचेच नाव त्या ओळीला पडले. मुळाक्षरांच्या संपूर्ण ओळीला इंग्रज ‘क्राइस्ट-क्रॉस-रो’ म्हणू लागले. ‘रो’ म्हणजे रांग. थोडक्यात कोणी नुसते ‘क्रॉस-रो’ही म्हणे. शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’ या नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात हा शब्द येतो. राजा एडवर्डच्या मनात कोणीतरी भरवून दिलेले असते की ‘जी’ या अक्षराने नाव सुरू होणारा माणूस त्याच्या वारसांच्या मुळावर उठणार आहे. राजाचा भाऊ क्लॅरेन्स याचे नाव जॉर्ज, म्हणून त्याची रवानगी तुरुंगात होते. त्या वेळी क्लॅरेन्स हताशपणे सांगतो की राजाने मुळाक्षरांच्या रांगेतून नेमके ‘जी’ उपटून काढले आहे. त्या रांगेसाठी त्याच्या तोंडी आलेला शब्द आहे ‘क्रॉस-रो’. खरा धोका ज्याच्यापासून होता तो ग्लॉस्टरचा ड्यूक रिचर्ड समोरच उभा असतो. त्याच्याही पदवीचे पहिले अक्षर ‘जी’च. प्रेक्षकांना ही मेख कळत होती. ‘क्रॉस-रो’ हा शब्दही समजावून सांगावा लागत नव्हता, कारण ज्यांनी कधी अक्षरे गिरवली ते सगळे त्याच रांगेतून आले होते.

सॅम्युअल जॉन्सनने १७५५ मध्ये आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश काढला, त्यात ‘क्रॉस-रो’ आहे. अर्थ दिला आहे: मुळाक्षरे. विद्येचे अंतिम साध्य धर्मभाव आहे हे दाखवण्यासाठी आरंभी क्रॉस घालतात म्हणून हे नाव, असे त्याचे स्पष्टीकरण. जॉन्सन स्वतः कमालीचा धर्मनिष्ठ होता, तेव्हा या स्पष्टीकरणात थोडा उपदेशही मिसळलेला आहे. हॉर्नबुक हाती धरणाऱ्या मुलाला विद्येच्या अंतिम साध्याशी काय देणेघेणे? त्याच्या दृष्टीने क्रॉस म्हणजे ‘ए’च्या आधी म्हणायचे आणखी एक काहीतरी होते.

मराठी वाचकाला हे सारे ओळखीचे वाटावे. आपल्याकडे एखाद्या कामाचा ‘श्रीगणेशा’ होतो किंवा ‘ओनामा’ होतो. श्रीगणेशा कुठून आला हे सांगायला नको. ‘ओनामा’ मात्र पुष्कळांना कोडे वाटते. जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर पहिली अक्षरे उमटण्यापूर्वी मुले ‘ओनामासीधं’ म्हणत. ते ‘ॐ नमः सिद्धम्’ या मंगलवचनाचे मुलांच्या तोंडी झिजलेले रूप. वचन संस्कृत, म्हणणारी पोरे पाच-सहा वर्षांची. चार शब्दफोड इकडे, दोन तिकडे, आणि ‘ओनामा’ असा एक नवाच शब्द जन्माला आला, ज्याचा अर्थ फक्त ‘आरंभ’. याहून विलक्षण गोष्ट त्या ‘सिद्धम्’ची. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग याने लिहून ठेवले आहे की इथली मुले सहाव्या वर्षी अक्षरपाठ सुरू करतात आणि त्या पहिल्या पाठाचे नावच सिद्धम् आहे. पूर्व आशियात जी भारतीय लिपी बौद्ध मंत्र लिहिण्यासाठी गेली तिला आजही ‘सिद्धम्’ म्हणतात. अक्षरांच्या डोक्यावर लिहिलेले मंगलवचन हेच अक्षरांचे नाव होऊन बसले. इंग्लंडमध्ये क्रॉसचे जे झाले तेच इथे सिद्धम्‌चे झाले, आणि या दोन घटनांचा एकमेकींशी सुतराम संबंध नाही. मुले मात्र दोन्हीकडे मुलेच होती.

क्रॉस ही त्या रांगेची सुरुवात झाली. तिच्या शेपटाकडेही एक गंमत आहे. ‘झेड’ संपल्यावर रांगेत आणखी एक चिन्ह येई: ‘अँड’ या शब्दासाठीचे ते वळणदार चिन्ह, जे आज कंपन्यांच्या नावांत दोन भागीदारांच्या मध्ये बसलेले दिसते. जे अक्षर एकटेच शब्दही असते, ते म्हणताना ‘पर से’ म्हणजे ‘स्वतःच’ हे लॅटिन पालुपद जोडण्याची रीत होती. त्यामुळे शेवटी मूल म्हणे: ‘अँड, पर से अँड’. म्हणजे हे चिन्ह स्वतःच ‘अँड’ आहे. वर्गभर मुलांनी एका दमात, शाळा सुटायच्या घाईत हे म्हटले की ऐकू येई ते ‘अँपरसँड’. आज त्या चिन्हाचे हेच अधिकृत नाव आहे. आंपेअर नावाच्या शास्त्रज्ञाचे ‘अँड’ म्हणून अँपरसँड, अशी एक कथा फिरत असते; तिच्यावर विश्वास ठेवू नये. एकाच ओळीची दोन टोके, दोन्ही मुलांच्या तोंडात घासली गेली, आणि दोन्हींतून एकेक शब्द निघाला. त्यातला शेवटचा शब्द आपले मूळ काम करत राहिला. पहिला मात्र भटकला.

तो का भटकला हे कळण्यासाठी शाळेबाहेर पडून कागदपत्रांकडे यावे लागते, कारण ‘क्राइस्ट-क्रॉस’ची दुसरी वस्ती तिथे होती.

मध्ययुगीन युरोपात दस्तावर क्रॉस काढणे ही शपथ होती. १०७२ मध्ये कँटरबरी आणि यॉर्क या दोन धर्मपीठांतील श्रेष्ठत्वाच्या वादावर विंचेस्टर येथे तोडगा निघाला, तो दस्तऐवज कँटरबरी कॅथीड्रलच्या दप्तरात आजही आहे. त्यावर विजेता विल्यम आणि त्याची राणी मटिल्डा यांचे क्रॉस आहेत, आणि त्यांच्याबरोबर बड्या धर्माधिकाऱ्यांचेही. हे धर्माधिकारी निरक्षर नव्हते. क्रॉस काढला याचा अर्थ ख्रिस्ताला साक्षी ठेवून शब्द दिला, असा होता. लिहिता येणे न येणे याचा त्यात प्रश्नच नव्हता.

पुढे सहीची चाल पडत गेली तसा क्रॉसचा दर्जा उतरत गेला. राजे, सरदार, व्यापारी नाव लिहू लागले आणि क्रॉस उरला तो ज्यांना नाव लिहिता येत नव्हते त्यांच्यासाठी. या घसरणीचे मोजमापही उपलब्ध आहे. लॉर्ड हार्डविक यांच्या पुढाकाराने १७५३ मध्ये विवाहविषयक कायदा झाला आणि मार्च १७५४ पासून इंग्लंड-वेल्समधील विवाह-नोंदवहीत वधूवरांनी सही किंवा निशाणी करणे आवश्यक ठरले. इतिहासकारांना त्यामुळे साक्षरतेचा एक खजिनाच मिळाला. १८४१ च्या सुमारासही तिथे जवळजवळ एक तृतीयांश वर आणि जवळपास निम्म्या वधू निशाणीच करत होत्या, आणि ती निशाणी बहुधा फुलीच असे.

या आकड्यांकडे पाहताना एक सावधगिरी हवी. त्या काळी वाचन आणि लेखन एकत्र शिकवत नसत. आधी वाचन, आणि ते पक्के झाल्यावर, घरची परवड असेल तर, लेखन. हॉर्नबुक हे केवळ वाचनाचे साधन होते. त्यावर लिहिता येत नसे. गरिबाघरचे मूल, आणि विशेषतः मुलगी, बहुधा वाचनापाशीच शाळा सोडी. म्हणून चर्चमध्ये थरथरत्या हाताने फुली काढणारी ती वधू वाचू शकत नव्हती असे आपल्याला म्हणता येत नाही. कदाचित लहानपणी क्रॉसवर बोट ठेवून तिने सारी रांग घोकली असेल, घरी प्रार्थनेचे पुस्तकही ती वाचत असेल, आणि लेखणी हाती आल्यावर त्या रांगेतले तिला काढता येईल असे एकच चिन्ह उरले असेल: पहिले. ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून आपण ज्यांना हसतो त्यांच्याविषयीही असा विचार करायला हरकत नाही.

मराठ्यांच्या काळातील वतनपत्रांत आणि महजरांत गावच्या पाटलाच्या नावासोबत नांगराची निशाणी काढलेली दिसते. इतर वतनदारांच्या नावांपुढे त्यांच्या त्यांच्या व्यवसायाच्या हत्यारांची चित्रे. तिथे निशाणी माणसाचे काम सांगे, आणि नांगर पाहून पाटील ओळखू येई. इंग्लंडमध्येही पूर्वी कारागिरांच्या काही निशाण्या अशा असत. पण हळूहळू सगळ्यांची मिळून एकच फुली झाली. फुलीवरून कोण हे कळत नाही. शेजारी कारकुनाने ‘अमक्याची निशाणी’ असे लिहावे लागे. शपथेचे चिन्ह अशा रीतीने अनामिकाचे चिन्ह झाले, आणि या फुलीलाही लोक ‘क्रिस-क्रॉस’च म्हणत.

आता त्या ‘क्राइस्ट’चे ‘क्रिस’ कसे झाले ते पाहू. यात गूढ काही नाही. इंग्रजीत मोठा शब्द जोडला गेला की आधीच्या शब्दातला दीर्घ स्वर पुष्कळदा आखडतो. ‘होली’चा ‘हॉलिडे’ झाला, ‘ब्रेक’चा ‘ब्रेकफस्ट’ झाला, तसाच ‘क्राइस्ट’चा ‘ख्रिसमस’ झाला. शिवाय ‘स’ आणि दुसरे व्यंजन यांच्यामध्ये सापडलेला ‘ट’ उच्चारातून गळतो. ख्रिसमसच्या स्पेलिंगमध्ये ‘टी’ आहे, तो कोणी म्हणत नाही. ‘कासल’ आणि ‘लिसन’मधलाही नाही. या दोन नेहमीच्या प्रक्रिया ‘क्राइस्ट-क्रॉस’वर घडल्या की उरते ‘क्रिस-क्रॉस’. ख्रिसमसला त्याचे स्पेलिंग आणि वर्षातून एकदा येणारा सण सांभाळून आहेत, म्हणून त्यातला ख्रिस्त हरवला नाही. क्रिसक्रॉस हा पोरांच्या आणि अडाण्यांच्या तोंडचा शब्द. त्याचे स्पेलिंग सांभाळायला कोणी नव्हते.

इथे एक प्रश्न मनात येतो. धर्मसुधारणेनंतरच्या इंग्लंडमध्ये क्रॉसवरून केवढी रणे माजली! बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाच्या कपाळावर क्रॉसची खूण करणे ही अंधश्रद्धा आहे, ती बंद करा, अशी मागणी प्युरिटन पंथीयांनी १६०३ मध्ये पहिल्या जेम्स राजाकडे केली होती. ती मान्य झाली नाही. लंडनच्या चीपसाइड रस्त्यावर पहिल्या एडवर्डने आपल्या दिवंगत राणीच्या स्मरणार्थ उभारलेला क्रॉस होता. यादवी युद्धाच्या काळात, २ मे १६४३ रोजी, पार्लमेंटच्या आज्ञेने तो जमीनदोस्त करण्यात आला. मग ‘क्राइस्ट-क्रॉस-रो’मधला ख्रिस्तही अशाच कोणा कडव्या सुधारकाने खोडून काढला असेल का?

तसे घडलेले दिसत नाही. चीपसाइडचा क्रॉस पाडायला पार्लमेंटची आज्ञा लागली, सैनिक लागले. शब्दातला ख्रिस्त कोणाच्याही आज्ञेवाचून गेला. तो मुलांनी घालवला, आणि तेही रोज भक्तिभावाने त्याचे नाव घेता घेता. ‘गॉड बी विथ यू’ म्हणजे देव तुझ्याबरोबर असो, याचे ‘गुडबाय’ झाले तेही रोज निरोप घेऊन घेऊनच. सेंट ऑड्रीच्या नावाने इली गावच्या जत्रेत विकल्या जाणाऱ्या फितींवरून ‘टॉड्री’ म्हणजे भडक, सवंग हा शब्द आला, त्यातही त्या बिचाऱ्या संत राणीला कोणी हेतुपुरस्सर हिणवलेले नाही. मोडतोड करणाऱ्यांवर इतिहास पानेच्या पाने लिहितो. नित्य वापराने जे झिजते त्याची तारीख सापडत नाही, म्हणून त्यावर फारसे कोणी लिहीत नाही. माझ्या मते हा इतिहासलेखनातला पक्षपातच आहे.

शब्दाचा पूर्वार्ध असा अर्थहीन झाला, आणि मग भाषेने स्वतःच त्याला नवे घर शोधून दिले. इंग्रजीत जोडशब्दांचा एक जुना साचा आहे: पहिल्या भागात ‘इ’, दुसऱ्यात ‘अॅ’ किंवा ‘ऑ’. सिंगसाँग, टिपटॉप, फ्लिपफ्लॉप. झिगझॅग हा फ्रेंचकडून आलेला शब्दही याच साच्यातला. आपल्याकडे जसे ‘चहा’ला ‘बिहा’ आणि ‘काम’ला ‘बिम’ आपोआप चिकटते, आणि ‘बिहा’ म्हणजे काय असे कोणी विचारत नाही, तसे या साच्यातील एक बाजू निरर्थक असली तरी इंग्रजी कानाला खटकत नाही. क्रिस आणि क्रॉस या साच्यात नेमके बसले. एकदा बसल्यावर त्याचा अर्थही साच्याप्रमाणे बदलला. झिगझॅग म्हणजे इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग क्रिसक्रॉस म्हणजे एक रेघ अशी, एक रेघ तशी. जिथे एकच क्रॉस होता तिथे आता अनेक रेषांचे जाळे दिसू लागले. हॉर्नबुकवरचा क्रॉस उभा असे. आजचे क्रिसक्रॉस तिरप्या रेघांचे असते. तोही फरक याच वाटेत पडला.

क्रियापद म्हणून, म्हणजे रेषांनी किंवा वाटांनी आडवेतिडवे छेदणे या अर्थाने, क्रिसक्रॉस १८१८ च्या सुमारास नोंदलेले आढळते. त्याच काळातील एक दृश्य या अर्थाशी फार जुळते. इंग्लंडमध्ये तेव्हा टपालाचा आकार कागदांची संख्या आणि अंतर यांवर ठरे, आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावा लागे. दुसरा कागद जोडला की हशील दुप्पट. म्हणून काटकसरी मंडळी पान भरले की ते आडवे फिरवून आधीच्या ओळींना छेदत त्यावरच पुन्हा लिहीत. जेन ऑस्टिनच्या ‘एमा’ या कादंबरीत मिस बेट्स आपल्या भाचीच्या अशाच भरगच्च पत्रांचे कौतुक करते, आणि ती तिला वाचता कशी येतात याचे तिच्या वृद्ध आईला नवल वाटते. १८४० मध्ये एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले आणि या आडव्यातिडव्या पत्रांची निकड संपली. या पत्रांवरूनच शब्दाचा अर्थ बदलला असा माझा दावा नाही. पण एकमेकांवरून गेलेल्या रेघांना नाव हवे होते, आणि नाव रिकामे बसले होते.

विद्वानांकडे अशा आकृतीसाठी नाव नव्हते असे नाही. फुलीसारखे छेदणे याला लॅटिनवरून बनवलेला ‘डेकसेट’ हा शब्द होता. लॅटिनमध्ये दहा हा अंक इंग्रजी एक्स अक्षरासारख्या फुलीने लिहीत, त्यावरून तो आला. जॉन्सनने आपल्या कोशात ‘जाळे’ या साध्या शब्दाची व्याख्या करताना तो वापरला आहे आणि त्याच्या जोडीला त्याच जातीचे आणखी दोन अवजड शब्द. ही व्याख्या वाचून जाळे म्हणजे काय ते ज्याला आधीच ठाऊक आहे तोही गोंधळतो. कोशकारांच्या विनोदात तिला अढळ स्थान आहे. ‘डेकसेट’ आज वनस्पतिशास्त्राच्या आणि शरीरशास्त्राच्या पुस्तकांत तेवढा उरला. लोकांनी उचलला तो शाळेतला, फुली काढणाऱ्यांचा शब्द.

जुना अर्थ एकदम मेला नाही. विल्यम वर्ड्‌स्वर्थने १८१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द एक्स्कर्शन’ या दीर्घ काव्यात लहान मुलाच्या अक्षरघोकणीसाठी ‘क्राइस्ट-क्रॉस-रो’ हाच शब्द आहे, पूर्ण स्पेलिंगसह. म्हणजे एकाच दशकात एक कवी त्या शब्दात ख्रिस्त आणि मुळाक्षरे पाहत होता, आणि दुसरे कोणी त्यात नुसत्या रेघा पाहत होते. हॉर्नबुक मात्र तोवर संपत आले होते. छपाई स्वस्त झाली, पुठ्ठ्याची आणि कागदाची चित्रमय अंकलिपी आली, शिंगाच्या पत्र्याची गरज राहिली नाही. त्या आधी हॉर्नबुक खाण्याचेही असत, हे सांगायचे राहिले: आल्याच्या गोड पावाला हॉर्नबुकचा आकार देऊन त्यावर अक्षरे उठवत. मॅथ्यू प्रायर या कवीने १७१८ च्या ‘अल्मा’ या काव्यात असे मूल वर्णिले आहे. जे अक्षर ओळखेल ते खायचे. पहिला घास क्रॉसचाच पडत असेल का, हे प्रायर सांगत नाही.

१८९६ मध्ये अँड्र्यू ट्यूअर या लंडनच्या प्रकाशकाने हॉर्नबुकचा इतिहास दोन खंडांत प्रसिद्ध केला. ज्या वस्तूने कित्येक पिढ्यांना अक्षर दाखवले ती आता इतकी दुर्मिळ झाली होती की ती कशी दिसे हे वाचकांना कळावे म्हणून त्याने ग्रंथाला खण पाडून त्यांत हॉर्नबुकच्या छोट्या प्रतिकृती बसवल्या. बाहेर रस्त्यावर त्याच वेळी मुले जमिनीवर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा मारून फुलीगोळा खेळत होती. अटलांटिकपलीकडे, अमेरिकेत, या खेळाचे एक नाव होते क्रिसक्रॉस.